मु. पो. कागदावर, ता. भातकुली

आदर्श भाडेकरू पाहायचा असेल तर भातकुली तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात जावं. हा भाडेकरू भिंतीत खिळे ठोकत नाही, मोरी तुंबवत नाही, रात्री उशिरा फाटक वाजवत नाही. खारपाणपट्ट्यातल्या बोरिंगच्या पाण्याबद्दल त्याची तक्रार नाही. पावती तेवढी दर महिन्याला घेतो. राहतो अमरावतीत.

सरकारचं म्हणणं तसं रास्त आहे. गुरुजींनी, ग्रामसेवकांनी, आरोग्य कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी राहावं आणि मग घरभाडे भत्ता उचलावा. 9 सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयानं त्यासाठी ग्रामसभेचा ठरावही मागितला. झालं, गावोगाव खोल्या उगवल्या. एका काकाजींनी मला त्यांची खोली उघडून दाखवली. आत छतापर्यंत कुटार, कोपऱ्यात फवारणीचा पंप, दारावर खडूनं लिहिलेलं ‘सर’.

‘‘सर इथंच राह्यते न भाऊ.’’

‘‘कधी?’’

‘‘ठरावात.’’

करारनामा मात्र चोख. पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर भागायचं, ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा लागतो. काकाजींना तेवढीच महागाई जाणवली. ‘मुदत संपताच भाडेकरूने जागा रिकामी करून द्यावी’ या अटीचं पालन तर पहिल्या दिवसापासून सुरू आहे.

आता याच सरांचं अमरावतीतलं घर. बायको, दोन लेकरं, फ्रीज, तुळस, सगळं जागेवर. नाही तो फक्त कागद. ‘‘मास्तर, लिहापढी कायले पायजे? आपण काय परके हाओ काय?’’ असं घरमालकांनी विचारलं आणि मास्तर विरघळले. राहतो तिथला कागद नाही, कागद आहे तिथे राहत नाही, अशी ही व्यवस्था.

घरमालकांच्या मनातली भीती जुनी आहे. वऱ्हाडात 1949 चा ‘सी. पी. अँड बेरार’ भाडे नियंत्रण आदेश होता तेव्हा भाडेकरूला नुसती नोटीस द्यायची तरी आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागे. तेव्हापासून कागद झाला की घर गेलं, हे डोक्यात पक्कं बसलंय. तो आदेश गेला. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्याचं कलम 55 सांगतं, करार महिन्याचा असो की अकरा महिन्यांचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गंमत याच्या पुढे आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं, उलट सिद्ध होईपर्यंत! मालकांना हे कळलं तर ते चहा अर्धा टाकून ऑनलाइन सेंटर गाठतील. सहा हजारांच्या घराला अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क शेकडा पाव रुपया, म्हणजे दोनशेच्या आतबाहेर. शहरात नोंदणी फी हजार. घरपोच अंगठा घेणारेही आहेत.

आणि हे अकरा महिने तरी कशाला? 1908 चा नोंदणी कायदा वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी मागायचा, म्हणून एक महिना कापायचा. ती पळवाट 2000 सालीच बुजली. आपण कापतोच आहोत.

कागद नसेल तर घर महिनेवारी. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं त्याला पंधरा दिवसांची लेखी नोटीस सांगितली आहे, आणि भाडे नियंत्रण लागू असेल तिथं तेवढ्यानंही भागत नाही. अमरावतीत नोटिशीचा मजकूर ठरलेला: ‘‘पोराचं लगन जमलं मास्तर, खोली लागन.’’ पोरगं नववीत असलं तरी चालतं.

पण एकट्या मास्तरांना कशाला नावं ठेवायची? भातकुलीचं तहसील कार्यालय कितीतरी वर्षं अमरावतीत बसून तालुका चालवत होतं, आणि ते हलवायची गोष्ट निघाली तेव्हा केवढं राजकारण पेटलं. काकाजींना हे आठवलं आणि त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, ‘‘त्याईनं ग्रामसभेचा ठराव घेतला होता काय हो?’’