अर्ध्या मताचा पूर्ण मान

लोकशाहीत अपूर्णांकांची आजवर फार उपेक्षा झाली. ती दूर केल्याबद्दल अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या नियम समितीचे जाहीर अभिनंदन. पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठी फ्लोरिडा आणि मिशिगन या राज्यांनी ठरल्या तारखेआधीच मतदान ठेवले म्हणून पक्षाने अधिवेशनातली त्यांची सगळी मते कापली होती. 31 मे 2008 रोजी समितीने दयाबुद्धीने प्रत्येक प्रतिनिधीला अर्धे मत परत दिले. मिशिगनच्या मतपत्रिकेवर इच्छुक उमेदवार बराक ओबामांचे नावच नव्हते. तरी प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांना 69 आणि ओबामांना 59 प्रतिनिधी मिळाले. उमेदवार प्रचारावर उगाच पैसा उधळतात! दुसऱ्याच दिवशी पोर्तो रिकोने हिलरींना भरघोस कौल दिला. तिथल्या रहिवाशांना नोव्हेंबरात अध्यक्ष निवडताच येत नाही, म्हणजे कौल अगदी निःस्वार्थ.

आमची नम्र सूचना: अर्ध्या मताच्या प्रतिनिधीला अधिवेशनात अर्धी खुर्ची द्यावी, टाळी एकाच हाताने वाजवू द्यावी आणि ओबामांच्या ‘येस वी कॅन’ या घोषणेतला ‘येस’ तेवढा म्हणू द्यावा.

पक्षाने मात्र आमच्याहून मोठे मन दाखवले. हिलरींनी जूनमध्येच माघार घेतली, लढत मिटली, आणि ऑगस्टमध्ये अधिवेशनासाठी डेन्व्हरला जमलेल्या या सगळ्या प्रतिनिधींना सन्मानाने पूर्ण मत बहाल करण्यात आले.