अर्ध्या मिनिटाचा दादा

विद्यापीठाच्या कुठल्याही मायक्रोबायोलॉजी विभागात हा दादा भेटतोच. पीएचडीचं पाचवं वर्ष, खिशात पर्मनंट मार्कर. विषय, मातीतल्या जिवाणूंचं प्रोटिएज. माती कुठली, हे जेवताना विचारू नये. गावी लग्नाला गेला तरी हा चिकनच्या दुकानामागे झिपलॉकची पिशवी घेऊन उकिडवा बसलेला सापडतो. पुढे स्किम मिल्कच्या प्लेटवर एखाद्या कॉलनीभोवती स्वच्छ कडं पडलं, की ती प्लेट बारशातल्या भाच्यासारखी सगळ्या विभागाला दाखवून येतो.

त्याच्याशी बोलायचं तर हप्त्याहप्त्यानं. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये केसीन. त्यात एन्झाइम घालायचं आणि बरोबर १० मिनिटांनी टीसीए ओतून त्याचा खेळ संपवायचा. नळ्या वीस, दर अर्ध्या मिनिटाला एक. विसावीत एन्झाइम पडलं, की लगेच पहिलीची वेळ भरते. म्हणजे वीस मिनिटं माणूस गुंतलेला. ‘बोल आई... थांब. हां, मुलगा काय करतो?... थांब.’ बहिणीचं लग्न ठरल्याची बातमी त्याला अकरा नळ्यांत समजली.

एम.एस्सी.ची पोरं मात्र त्याला टरकून असतात. गाळलेल्या द्रावात सोडियम कार्बोनेट आणि फोलिन घातलं, झकास निळा रंग आला, ६६० नॅनोमीटरला रीडिंग घेतलं, की धावत येतात. ‘दादा, ओडी २.३!’

‘डायल्यूट करा.’

दुसऱ्या दिवशी ०.०२.

‘जास्त केलंत. आणि ब्लँक?’

इथे भले भले गडबडतात. ब्लँकमध्ये टीसीए आधी, एन्झाइम नंतर. कामाला लागण्याआधीच ते गारद. तरी थोडा निळा रंग येतोच, तो वजा करायचा. दादा हा नियम सगळ्या जगाला लावतो. अमक्याचा मोठ्या जर्नलमध्ये पेपर आला म्हणावं, तर म्हणतो, ‘त्यातून गाइडचं नाव वजा कर, मग उरलेलं सांग.’ याच्या इतका खरा माणूस विभागात दुसरा नाही, आणि इतका वैतागवाणाही.

‘थिसिस कधी देतोस?’ सर दर सोमवारी विचारतात.

‘ट्रिप्लिकेट तेवढं राहिलंय, सर.’

परवा ऐन टीसीएच्या वेळी लाइट गेली. सगळे चहाला पळाले. बाथचं पाणी थोडा वेळ तापमान धरतं, त्यामुळे दादा मोबाइलची बॅटरी दातांत धरून जागेवरच. जिन्यातून कुणीतरी ओरडलं, ‘दादा, चहा निवतोय!’

आतून बोबडं उत्तर आलं, ‘शहा नळ्या!’