चिठ्ठी

नागपूरच्या गांधीबागेत हवं ते कापड एका दुकानात नसलं, तरी गादीवरचे मुनीमजी कधी ‘नाही’ म्हणत नाहीत. कागदाच्या कपट्यावर दोन ओळी खरडतात, सही ठोकतात आणि पोऱ्याबरोबर तुम्हाला दोन गल्ल्या पलीकडे धाडतात. चिठ्ठीचा मतलब एवढाच, की माणूस आपला आहे, नाव-गाव पुन्हा विचारू नका, माल दाखवा आणि काय घेतलं ते मला कळवा.

संगणकवाल्यांना हे सुचायला २०१० उजाडलं. त्यांच्या चिठ्ठीचं नाव ‘एलटीआय’. विद्यापीठाच्या एलएमएसमधून, म्हणजे ऑनलाइन शिकवणीच्या प्रणालीतून, विद्यार्थी बाहेरच्या धड्याकडे जातो, तिथे दुसरा पासवर्ड लागत नाही. गुण आपोआप परत आणण्याची अक्कल मात्र पुढच्या आवृत्तीत आली. त्याआधीचं ‘स्कॉर्म’ म्हणजे बांधलेली गाठ, आत धडे आणि सोबत मालाची यादी. २००२ पासून फुकट मिळणाऱ्या ‘मूडल’ या एलएमएसला गाठही सोडता येते आणि चिठ्ठीही लिहिता येते.

आमच्या पुतण्याच्या कॉलेजातही एलएमएस आहे. उद्‌घाटनाला फीत कापली (फीत गांधीबागेतलीच, ठोक भावातली). २०१७ मध्ये केंद्राचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं ‘स्वयम्’ सुरू झालं. त्यावरचे किती विषय पदवीत धरायचे, याची मर्यादा यूजीसीनं २०१६ साली २० टक्के ठेवली होती, २०२१ मध्ये ती ४० केली. दिल्लीत टक्के वाढले, इकडे झेरॉक्स.

कारण इथलं एकत्रीकरण असं : एलएमएस उघडा. त्यात ‘स्वयम्’ची एक लिंक. लिंकवर दुसरं लॉगिन, मग ओटीपी. बारा आठवडे अभ्यास, परीक्षा, प्रमाणपत्राची पीडीएफ. तिची प्रिंट काढा, अग्रसेन चौकातून स्कूटर हाणत कॉलेजात न्या. तिथले बाबू म्हणतात, “ओरिजनल आणा.” संगणकाच्याच पोटी जन्मलेल्या कागदाचं ओरिजनल! ते एकदाचं मानलं, की बाबू एका बोटानं गुण एक्सेलमध्ये चढवतात. ७८ चे ८७ झाले तर पोरगं तक्रार करत नाही, उलटं झालं तर अर्ज तीन प्रतींत.

“मग जोडलं काय रे?” मी विचारलं.

“सरनं लिंक देल्ली नं काका. झालं इंटिग्रेशन!”

मुनीमजींना हा किस्सा सांगितला. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, “म्हंजे हिशोब गिऱ्हाइकच आणते? मंग भावबी तोच लावत असन!”

परवा बायकोच्या साडीसाठी त्यांनी आम्हाला अशीच एक चिठ्ठी दिली. साडी घेऊन आम्ही परत येईतो आकडा त्यांच्या वहीत चढलेला होता.

पुतण्याचे गुण मागच्या सत्रातले आहेत. या सत्राची फी भरून झाली, ते अजून यायचे आहेत.