देणे-घेणे वही

एका गाण्यामागे दीड लाख डॉलर द्यावे लागू शकतात, ही बातमी मला कळली तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो. मोजणी तिथेच थांबली. त्या रात्री आम्ही चौघांनी खिचडी म्हणून जे खाल्लं, त्यात भिंतीचा गिलावा झाला असता.

साल २००३. अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या एका विद्यापीठात मी एम.एस. करत होतो आणि विद्यापीठाच्याच अपार्टमेंटात, विद्यापीठाच्याच इंटरनेटवर जगत होतो. ८ सप्टेंबरला रेकॉर्ड कंपन्यांनी, म्हणजे त्यांच्या आरआयएए नावाच्या संघटनेने, एका दिवसात २६१ जणांवर खटले ठोकले. गुन्हा काय, तर संगणकावरची गाणी इंटरनेटवरून इतरांना घेऊ दिली. लगेच कळलं की त्या २६१ जणांत न्यूयॉर्कची एक १२ वर्षांची मुलगी आहे. तिच्या आईने २,००० डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

आमच्यातल्या सांगलीकराचे काका वकील, त्यामुळे कायदा वाचायचा मान त्याचा. त्याने संगणकावरून मोठ्याने वाचलं, ‘एका गाण्यामागे कमीत कमी ७५० डॉलर. जाणूनबुजून केलं असेल तर दीड लाखापर्यंत.’ मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘तू जाणूनबुजून केलंस का?’

‘मग काय झोपेत?’

‘असं कोर्टात बोलू नकोस.’

माझ्याकडे ३४० गाणी होती. डॉलर तेव्हा साधारण ४६ रुपयांना. अगदी हलक्या दराने धरलं तरी हिशेब सव्वा कोटीच्या आसपास जात होता. भारी दर लावला असता, तर साताऱ्याचं घर विकून पहिल्या गाण्याचा फार तर मुखडा सुटला असता.

हे सगळं आमच्या बाबांमुळे झालं, असं म्हणणं कृतघ्नपणाचं आहे. पण झालं त्यांच्यामुळेच.

बाबा जिल्हा परिषदेत लेखा विभागात होते. ऑफिसचं पेन चुकून खिशात राहिलं तर दुसऱ्या दिवशी दहा वाजायच्या आत परत. बसच्या कंडक्टरने सुट्टे जास्त दिले तर पुढच्या स्टॉपवर उतरून परत द्यायला धावणारे. आणि ह्याच माणसाने उभ्या आयुष्यात दोन-तीनशे कॅसेटी दुसऱ्यांच्या कॅसेटींवरून भरून घेतल्या नि भरून दिल्या. त्यात काही वावगं आहे ही शंकासुद्धा त्यांना शिवली नाही. त्यांच्या लेखी गाणं हे विरजणासारखं होतं. शेजारून चमचाभर आणलं, आपल्या दुधाला लावलं, उद्या कुणी मागायला आलं तर आपण दिलं. ह्यात शेजारणीचं दही कमी झालं का? दूध तर आपलंच होतं ना? (दूध म्हणजे ‘सिक्स्टी’ किंवा ‘नाइंटी’ अशी कोरी कॅसेट. ती मात्र बाबा रोख पैसे देऊन, पावती घेऊन आणत.)

ह्या व्यवहाराची एक लांबट वही होती. वर ठळक अक्षरांत ‘देणे-घेणे’. आत तांबड्या रेघांचे रकाने: क्रमांक, कॅसेटचे नाव, कोणास दिली, दिनांक, परत आल्याचा दिनांक, शेरा. शेरे वाचण्यासारखे असत. ‘फीत चुरगळून आली.’ ‘तिसऱ्या गाण्यावर कीर्तन भरले गेले आहे.’ ‘परत मागू नये, सासरचे.’ ज्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जाऊ नये त्या कॅसेटीच्या वरच्या दोन चिमुकल्या टिकल्या ते स्क्रू ड्रायव्हरने उडवत, आणि पुढे मन बदललं की त्या भोकांवर चिकटपट्टी लावत. मोठेपणी मी ‘कॉपी प्रोटेक्शन’ नावाच्या विषयावर तासभराची व्याख्याने ऐकली. टिकली आणि चिकटपट्टी ह्यापलीकडे त्यात फारसं काही नव्हतं.

वहीतली २७ नंबरची कॅसेट आजोबांची. साधारण १९८३ साल. सांगली आकाशवाणीवर एका मोठ्या गायकाचं नाट्यपद लागणार होतं. (नाव सांगत नाही. भीती अजून पुरती गेलेली नाही.) रेडिओ आणि टेपरेकॉर्डर जोडायची वायर आमच्याकडे नव्हती, म्हणून बाबांनी टेपचं तोंड रेडिओच्या तोंडाशी आणून दोघांना समोरासमोर बसवलं, वधूवरांसारखं. घरात जमावबंदी. ऑर्गन सुरू झाला, पद आता उचलणार, एवढ्यात आजोबांचा खणखणीत आवाज: ‘पंखा बंद करा रे, खरखर येतीय!’ मग पंख्याची उतरती खटखट: खट्-खट्, खट्... खट्...... आणि शेवटच्या खटीवर, जणू समेवर, बुवांचा स्वर. इतकं नेमकं की पुढे ते पद मी कुठेही ऐकलं तरी पंखा बंद झाल्याशिवाय सुरू झाल्यासारखं वाटेना.

ही कॅसेट मी अमेरिकेला जाताना लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवून नेली. पहिल्याच हिवाळ्यात वॉकमनमधून वायर काढून संगणकाच्या मागच्या भोकात खुपसली आणि तिची एमपीथ्री केली.

नॅपस्टर तोवर वारलं होतं. १९९९ साली बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या शॉन फॅनिंग नावाच्या पोराने ते काढलं. कल्पना बाबांच्याच वहीची: कुणाकडे काय आहे ते एका जागी लिहिलेलं, देणं-घेणं ज्याचं त्याने करायचं. त्याच वर्षी डिसेंबरात कंपन्या कोर्टात गेल्या. २००० च्या एप्रिलमध्ये मेटालिका हा बँडही गेला आणि मे महिन्यात त्यांचा ड्रमर लार्स उल्रिक खोकीच्या खोकी घेऊन नॅपस्टरच्या दारात उभा राहिला. आत ६०,००० पानं, त्यावर ३,३५,४३५ जणांची टोपणनावं: ह्या-ह्या लोकांनी आमची गाणी वाटली. आजवर मी ऐकलेली ही सगळ्यात मोठी देणे-घेणे वही. बाबांना फोनवर सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, ‘शेऱ्याचा रकाना होता का?’

२००१ च्या जुलैत नॅपस्टर बंद पडलं, कारण वही एकाच जागी होती. ती जप्त झाली की दुकान बंद. पुढच्यांनी त्यातून धडा घेतला. आमच्या पिढीचं काझा ज्या दोघांनी काढलं त्यांतला एक स्वीडनचा, एक डेन्मार्कचा. ते लिहिणारे एस्टोनियाचे. नंतरची मालक कंपनी नोंदलेली वानुआटू बेटांवर आणि तिचा कारभार ऑस्ट्रेलियातून. आपल्याकडे बिनशेतीच्या जमिनीचा सातबाराही इतका फिरलेला नसतो. कंपन्यांच्या वकिलांना समन्स कुणावर बजावायचं हेच समजेना. वैतागून त्यांनी सरळ गिऱ्हाइकांना धरलं, आणि माझा कुकर करपला. (त्याच जोडगोळीने २००३ साली स्काइपही काढलं. पुढे आई दर रविवारी ‘बारीक झालास’ म्हणायची ते त्यांच्याच कृपेने.)

काझात ‘माय शेअर्ड फोल्डर’ असे. त्यात जे पडेल ते जगाला खुलं, तुम्ही वेगळं काही न करता. माझ्या फोल्डरात आजोबा पडले. महिनोन्‌महिने तिकडे कुणी फिरकलं नाही. मग एका रात्री पडद्यावर हालचाल दिसली: कुणीतरी २७ नंबर उतरवून घेत होतं. समोरचं कनेक्शन बहुधा टेलिफोनवरचं असावं. टक्का पुढे सरकायला मुंगीची गती. आंध्रवाला रूममेट झोपताना संगणक बंद करायला निघाला, तर मी कागदावर ‘बंद करू नये, पाहुणे जेवताहेत’ असं लिहून तो मॉनिटरला चिकटवला. त्याला मराठी येत नव्हतं, पण अक्षरातली कळकळ कळली असावी. पहाटे १०० टक्के झाले. एवढं समाधान मला पुढे पदवी मिळतानाही झालं नाही.

त्या काळात गाणं उतरवून घेणं जुगारासारखं होतं. कंपन्या मुद्दाम खोट्या फायली पेरत. त्याच वर्षी मॅडोनाच्या नव्या अल्बमच्या नावाने फिरणारी फाइल उघडली की गाण्याऐवजी खुद्द मॅडोना खडसवायची, काय चाललंय तुमचं? मधला शब्द इथे छापता येणार नाही. म्हणजे ऐन गाण्याच्या तोंडावर वडीलधाऱ्याने ओरडायचं, ही युक्ती आमच्या घरात वीस वर्षं जुनी होती.

खटल्यांची बातमी आली आणि पंधराव्या दिवशी माझं इंटरनेट बंद झालं. कॉम्प्युटर सेंटरमध्ये हजर व्हा. टेबलामागे एक प्रेमळ चेहऱ्याच्या बाई, चष्म्याला साखळी. एका कंपनीच्या वकिलांचं पत्र त्यांच्यापुढे होतं आणि त्याला माझ्या फोल्डरची छापील यादी जोडलेली होती. बाबांचीच वही, फक्त शेरे नसलेली.

‘तक्रार ह्या गाण्याबद्दल आहे,’ असं म्हणून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. एक इंग्रजी पॉप गाणं. मी ते जन्मात ऐकलेलं नव्हतं. आंध्रवाल्याने लॅबमधल्या एका मुलीवर छाप पाडायला उतरवलं होतं. छाप पडली नव्हती हे वेगळं.

‘आणि बाकीची?’ मी विचारलं.

‘बाकीची कुठल्या भाषेतली आहेत?’

‘बहुतेक मराठी.’

त्यांनी यादीवरून पुन्हा एकदा नजर फिरवली आणि मला धीर द्यावा तशा म्हणाल्या, ‘ह्यांच्याबद्दल कुणाची काहीच तक्रार नाही.’

सुटल्याचा आनंद आणि अपमान एकाच वेळी कसा होतो ते मला त्या खुर्चीत समजलं. भावगीतं, नाट्यपदं, लावण्या मिळून दोनशेच्या वर गाणी, आणि चोरीला गेली म्हणून ओरडणारा एकही वकील नसावा? ‘पुन्हा करणार नाही’ अशा कागदावर सही केली. पालकांची सही मागितली नाही, हेच नशीब. घरी येऊन फोल्डर रिकामा केला. त्या पॉप गाण्यासाठी आंध्रवाल्याने मग ॲपलच्या दुकानात ९९ सेंट मोजले. दीड लाखांवरून एकदम ९९ सेंट. एवढी घासाघीस तुळशीबागेतही होत नाही.

त्यानंतर बरीच वर्षं मी ह्या खटल्यांच्या बातम्या वाचत राहिलो, गावातून पळालेला माणूस गावच्या बातम्या वाचतो तसा. बॉस्टनजवळच्या ६६ वर्षांच्या शिल्पकार आजीबाईंवर रॅप गाणी वाटल्याचा आरोप आला. त्यांच्याकडे होता मॅकिन्टॉश, ज्यावर काझा चालतच नसे. खटला मागे घेतला. २००५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या ज्या ८३ वर्षांच्या बाईंना प्रतिवादी केलं, त्या आधीच देवाघरी गेलेल्या निघाल्या.

मिनेसोटातल्या एका बाईंचं प्रकरण तर आपल्या भाऊबंदकीच्या दाव्यासारखं चाललं. २४ गाणी. २००७ मध्ये ज्यूरी म्हणाली २,२२,००० डॉलर. फेरसुनावणी झाली, तर २००९ मध्ये दुसरी ज्यूरी म्हणाली १९,२०,०००. न्यायाधीशांनाच कसंतरी झालं; त्यांनी ५४,००० वर आणले. ते कंपन्यांना नको. २०१० मध्ये तिसरी ज्यूरी, १५ लाख. न्यायाधीशांनी पुन्हा ५४,०००. मग वरचं कोर्ट, आणि शेवटी २०१२ मध्ये फिरून तेच २,२२,०००. आमच्या भावकीतला विहिरीचा दावा सोळा वर्षं चालला, पण त्यात निदान विहीर होती.

ह्या आकडेशास्त्राचा कळस २०११ च्या मार्चमध्ये झाला. लाइमवायर नावाच्या काझाच्या भावंडाविरुद्ध कंपन्यांनी भरपाईचा असा हिशेब मांडला की तो ट्रिलियन डॉलरांत जाऊ शकत होता. न्यूयॉर्कच्या न्यायाधीश किंबा वुड यांनी तो फेटाळला. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ काढला तेव्हापासून ह्या सगळ्या धंद्याने मिळून जेवढं कमावलं नाही तेवढं हे मागताहेत, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. बाबांना हे वाचून दाखवलं. लेखा विभागातला माणूस; म्हणाले, ‘कुणीतरी एक शून्य तपासायला हवं होतं.’

त्याच सप्टेंबरात आम्ही न्यू जर्सीत, एडिसन गावी, मित्राकडे गणपतीला गेलो. ज्या मेन्लो पार्कात फोनोग्राफ जन्मला ते ह्याच गावात. आता तिथे कोथिंबीर पुण्यापेक्षा ताजी मिळते. मंडळाने शाळेचा हॉल घेतला होता. आरतीला वेळ होता, ताटं मांडली जात होती, स्पीकरवर नाट्यसंगीत लावलेलं. ऑर्गन सुरू झाला. माझी मान आपोआप वर गेली.

‘पंखा बंद करा रे, खरखर येतीय!’

चारशे माणसांच्या हॉलमध्ये आजोबा. झब्बा घातलेला एक कार्यकर्ता लगबगीने उठला आणि भिंतीवर बटण शोधू लागला. हॉलला एसी होता, पंखा एकही नव्हता. खट्-खट्, खट्... खट्...... आणि बुवा समेवर.

मी साउंडवाल्याकडे धावलो. ‘हे कुठून मिळालं?’

‘कलेक्शन आहे आपलं,’ तो आवाज उतरवून म्हणाला. ‘खाजगी बैठकीतलं, फार दुर्मीळ. तो पंख्याचा आवाज आला ना मघाशी? ते स्वतः बुवा.’

मनातल्या मनात मी हिशेब केला: अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, आठ उलटून गेली होती. तरी काही बोललो नाही. त्या रात्री स्काइपवर बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलं असेल. मग वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

‘सत्तावीस नंबर,’ बाबा म्हणाले. ‘कोणाकडे गेलीय म्हणालास? नाव, गाव नीट सांग. आणि परत कधी देणार ते विचारलंस का?’