मुक्या संगणकाची मिसल

घरातील संगणक ज्या दिवशी मुका होतो, त्याच दिवशी घरातील झाडून साऱ्या माणसांना वाचा फुटते, असा आमच्या नांदेडकडच्या मुखेडातील अनुभव आहे. पडद्यावर गवई तोंड उघडतो, तबलजीचे हात हलतात, श्रोते माना डोलावतात आणि आपल्या कानी मात्र पंख्याच्या घरघरीखेरीज काहीही पडत नाही, हे ध्यानात येताच चिरंजीव ‘विंडोज उडवा’ असा हुकूम फर्मावतात, कन्या स्पीकर भंगारात घालण्याची शिफारस करते, आणि सकाळचे वर्तमानपत्र न्यायला आलेले शेजारचे निवृत्त पेशकारसाहेब, ज्यांनी हयातीत संगणकाला बोट लावलेले नाही, ‘हे व्हायरसचं काम’ असा निवाडा देऊन वर्तमानपत्रासह निघून जातात. फिर्याद नाही, पंचनामा नाही, साक्षीपुरावा नाही आणि थेट शिक्षा, हा न्याय मला मान्य नाही. सबब अशा प्रकरणी चौकशी कोणत्या क्रमाने चालवावी आणि तिची मिसल कशी तयार करावी, याचा खुलासा येथे करीत आहे. (मिसल म्हणजे प्रकरणाच्या कागदांची चवड, पुण्याकडील वाचकांनी तोंडाला पाणी सुटू देऊ नये.)

निजामाच्या अमदानीत, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ च्या पूर्वी, आमच्या मुलखातील रयतेचा अर्ज पटवाऱ्याकडून गिरदावराकडे, गिरदावराकडून तहसीलदाराकडे आणि तेथून अव्वल तालुकदाराकडे चढत जात असे, आणि या वाटेवरील कोणत्याही एका मेजावर तो दडपला गेला तरी अर्जदाराच्या वाट्याला एकच गोष्ट येई, ती म्हणजे शांतता. संगणकातील गाण्याचा प्रवास याच जातीचा आहे. फरक इतकाच, की तो वरून खाली उतरतो. फाइलमध्ये गाणे नसते, आकडे असतात. सीडीवरील गाण्यात प्रत्येक सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची पातळी मोजलेली असते आणि प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकी कोणत्या तरी एका पायरीवर नोंदलेली असते. इतक्या बारकाईची जमाबंदी आमच्या कोणत्याही पटवाऱ्याच्या हातून झाली नसेल. हे आकडे वाजवणाऱ्या प्रोग्रामकडून विंडोजच्या मिक्सरकडे, मिक्सरकडून ड्रायव्हरकडे आणि ड्रायव्हरकडून मदरबोर्डावरील चिपकडे रवाना होतात. चिप त्यांची विजेची लहर करते, लहर तारेतून स्पीकरच्या पेटीत शिरते, तेथे तिला बळ मिळते आणि मग कुठे तो कागदी पडदा थरथरून हवा हलवतो. एवढ्या मेजांपैकी नेमक्या कोणत्या मेजावर अर्ज अडला, हे शोधणे म्हणजेच दुरुस्ती. ‘विंडोज उडवा’ म्हणणारा मनुष्य हा पटवाऱ्याच्या गैरहजेरीबद्दल थेट सुभेदाराला बडतर्फ करणारा मनुष्य होय.

तेव्हा चौकशी तळापासून, म्हणजे स्पीकरपासून आरंभावी. त्याला वीज आहे काय, पाठीमागचे बटण चालू आहे काय आणि आवाजाची घुंडी कोणी लहान मुलाने शून्यावर नेली आहे काय, हे तीन प्रश्न विचारण्यास कमीपणा वाटतो, आणि नेमक्या त्या कमीपणामुळेच पुष्कळ स्पीकर दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढतात. यानंतर संगणकाच्या पाठीमागे शिरावे. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या आधी घर झाडले जाते, तेव्हा संगणकाच्या साऱ्या तारा उपटून, पुसून, पुन्हा जेथे भोक दिसेल तेथे खोचल्या जातात. त्यामुळे भाद्रपदातील मूकपणाचे कारण बहुधा येथेच सापडते. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर तेथे जाळ्याची एक मऊ चादर, पालीच्या अंड्याचे पांढरे टरफल आणि ओळीने तीन भोके दिसतात: हिरवे, गुलाबी आणि फिकट निळे. हे रंग १९९९ च्या सुमारास ‘पीसी ९९’ नावाच्या नियमावलीने रूढ केले. हिरवे बोलते, गुलाबी मायक्रोफोनसाठी असल्यामुळे नुसते ऐकून घेते, आणि निळे बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घेते. स्पीकरची पिन गुलाबी भोकात खोचून गाण्याची वाट पाहणे म्हणजे आवक बारनिशीच्या खिडकीवर उभे राहून निकालाची नक्कल मागणे. पिन हिरव्या भोकातच असली तरी ती पुरती आत गेली पाहिजे. ‘टक्’ असा बारीक आवाज बोटाला जाणवल्याखेरीज तिची हजेरी धरू नये. एकोणिसाव्या शतकात टेलिफोनच्या जोडणीघरात ज्या जाड पिना दिवसभर उपसल्या आणि खोचल्या जात, त्यांचीच ही साडेतीन मिलिमीटरची नात आहे, आणि अर्धवट खोचलेली पिन खपवून न घेण्याचा करारीपणा तिने आजीकडून उचललेला आहे.

थापटी मारण्याच्या उपायाविषयी येथेच सांगून टाकतो, कारण तो आमच्या पिढीत वंशपरंपरेने आलेला आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी निजामी मुलखातला डेक्कन रेडिओ ऐकला, जो १९५० साली ऑल इंडिया रेडिओच्या ताब्यात गेला, आणि ज्यांनी स्वतः पुढे परभणी केंद्रावरचे शेतीचे सल्ले ऐकले, त्यांच्या घरी रेडिओच्या डाव्या अंगाला एक विशिष्ट थापटी देण्याची रीत होती, आणि ती लागूही पडे. कारण जुन्या संचातील दिव्यांचे पाय खोबणीत सैल होत आणि हादऱ्याने पुन्हा टेकत. संगणकाला हा मान देऊ नये. जुन्या संगणकात हार्ड डिस्कची तबकडी गरगरत असते आणि वाचणारे टोक तिच्यावरून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. थापटीने आवाज तर येणार नाहीच, आणि दहा वर्षांचे फोटो मात्र जातील.

स्पीकर निर्दोष आहे, हे तो मोबाईलला जोडून, वाजवून सिद्ध झाले, की मग वरच्या दप्तराकडे वळावे. पडद्याच्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चित्रावर फुली असेल तर ती काढावी. मिक्सर उघडून पाहावा, कारण तेथे प्रत्येक प्रोग्रामची वेगळी पट्टी असते आणि एकट्या गवयाचाच आवाज बंद करून बाकी सर्वांना बोलू देण्याची सोय विंडोजने केलेली आहे. ही सोय कोणाच्या घरी कोण वापरते, हे मी सांगत नाही. ड्रायव्हरचे म्हणाल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसला तर त्याला तेथून काढून संगणक पुन्हा सुरू करावा. बहुधा तो स्वतःहून पुन्हा रुजू होतो.

ज्यांना आवाज येतो, पण त्यासोबत भुंग्यासारखी अखंड घूं ऐकू येते, त्यांचे प्रकरण निराळे आहे. ती घूं बहुधा घरातील २३० व्होल्टच्या विजेचीच असते, जी सेकंदाला ५० आवर्तने घेत फिरत असते आणि अर्थिंग धड नसले की गाण्यात शिरते. संगणक आणि स्पीकर एकाच बोर्डावर घ्यावेत, तीन पिनांतील जाड पिन मोडलेली असेल तर प्लग बदलावा, आणि उन्हाळ्यात अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात, जेथे कोळसा आणि मीठ पुरलेले असते, तेथे बादलीभर पाणी ओतावे. चैत्र-वैशाखात मुखेडला माणसांना पाणी मिळण्याची मारामार, तेथे खड्ड्याला पाणी पाजणारा गृहस्थ गल्लीच्या टीकेस पात्र होतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आता माझ्या स्वतःच्या मिसलीची हकीकत. वडिलांच्या आवाजातील हरिपाठाची एक कॅसेट होती. ती झिजत चालल्यामुळे मी ती संगणकात उतरवून ठेवली होती आणि त्यांच्या तिथीला दरवर्षी पहाटे लावीत असे. यंदा तिथीच्या आदल्या दिवशी तपासणीसाठी लावली, तर पट्टी पुढे सरकते आहे आणि आवाज नाही. वर सांगितलेल्या सर्व कलमांची मी तीन दिवस अंमलबजावणी केली, त्यात तिथीही उलटून गेली. अखेर भाच्याला फोन केला. त्याची सारी विद्या म्हणजे ज्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना २००१ साली झाली, तिचा एमएस-सीआयटीचा एक कोर्स.

“मामा, म्यूट काढून बघितलाव का?”

“बघितलं बाबा, तीनदा.”

“मग त्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करा अन् वर कुणाचं नाव दिसालंय ते वाचा.”

नाव मॉनिटरचे होते. महिन्यापूर्वी जुना मॉनिटर जळाला म्हणून नांदेडहून नवा आणला, तो एचडीएमआयच्या तारेने जोडला. ही तार चित्र आणि आवाज दोन्ही वाहून नेते; विंडोजने नव्या पाहुण्याला बोलता येत असेल असे गृहीत धरून आवाजाचा सगळा कारभार त्याच्या हवाली केला, आणि या मॉनिटरच्या पोटात स्पीकरच नाहीत. म्हणजे वडिलांचा हरिपाठ तीन दिवस व्यवस्थित चालू होता, मी मात्र दुसऱ्या दारी उभा होतो. त्या यादीतील स्पीकरच्या नावावर एक क्लिक केला, तेव्हा वडील मधल्याच एका अभंगापासून बोलू लागले, आणि आत भाकरी थापणारी बायको हात न धुताच बाहेर आली. मिसल त्याच संध्याकाळी दाखल-दफ्तर करण्यात आली.

ज्यांनी अलीकडे नवा मॉनिटर किंवा टीव्ही जोडला असेल, त्यांनी वीज आहे तोवर आजच ते नाव वाचून पाहावे. शेजारच्या पेशकारसाहेबांस मात्र वेगळी विनंती आहे, की तीन दिवसांची वर्तमानपत्रे परत करावीत. रद्दीवाला उद्या यायचा आहे.