सौम्य मंगळाचा बायोडेटा

बँकेतून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली, तरी सोसायटीतली पोरं बायोडेटा दाखवायला अजून माझ्याकडेच येतात. एके काळी मी मुलाखती घ्यायला बसायचो ना! (बसायचो, एवढंच खरं. प्रश्न साहेब विचारायचे.) या आठवड्यात अकरा बायोडेटा आले. नावं झाकली असती तर अकराही एकाच मुलाचे वाटले असते. जो तो हार्डवर्किंग, टीम प्लेयर आणि क्विक लर्नर. ही भाषा आधी कुठे वाचलीय, ते लगेच आठवलं. वधूवर सूचक मंडळाच्या वहीत. तिथली प्रत्येक मुलगी सुस्वभावी आणि गृहकृत्यदक्ष, प्रत्येक मुलगा निर्व्यसनी.

'तुमच्यातला एक दोष सांगा' याचंही उत्तर पाठ करून घेतलेलं असतं. 'मी जरा परफेक्शनिस्ट आहे.' याला आमच्याकडे सौम्य मंगळ म्हणतात. आहे, पण लग्न अडेल इतका नाही.

पोरांना का बोल लावा? कॉलेजात करिअर मार्गदर्शनाला एक सर येतात. दीडशे जणांना 'गर्दीत वेगळे दिसा' असं बजावतात आणि जाताना दीडशे जणांना एकच फॉरमॅट पाठवून देतात.

त्यात नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीला ओजेटी आली. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास बाहेर प्रत्यक्ष काम. कल्पना उत्तम. पण तालुक्याच्या गावात बीएच्या अख्ख्या वर्गाला काम द्यायचं कुणी? मग मामाचं हार्डवेअरचं दुकान धावून येतं. मामा शिक्का मारतो, भाचा दुकानाची पायरीही न चढता 'रिटेल ऑपरेशन्सचा अनुभव' लिहून मोकळा होतो. मी म्हणतो, बाबा, खरंच महिनाभर बस ना गल्ल्यावर! वॉशर कुठल्या डब्यात असतात ते शीक. उधारी मागायला जा. उधारी वसूल करून, वर गिऱ्हाईकही न तोडता परतणारा पोरगा आमच्या वसुली खात्याने डोळे झाकून घेतला असता. पण ते लिहायची पोरांना लाज वाटते, आणि न केलेल्या 'ऑपरेशन्स'ची वाटत नाही.

त्यापुढची पायरी म्हणजे पैसे भरून मिळणारी इंटर्नशिप. परवा एकाने पावती दाखवली. तीन हजार रुपये भरले, आठ व्हिडिओ पाहिले, सोनेरी काठाचं सर्टिफिकेट आलं. काम करणारा पैसे देतो आणि करवून घेणारा घेतो, याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. शिकाऊ उमेदवारांचा कायदाही १९६१ चाच, आणि शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन दिलंच पाहिजे असं तो सांगतो. आता त्याच उमेदवाराचं बारसं करून 'इंटर्न' नाव ठेवलं की सुटले! सरकारसुद्धा याहून बरं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, तेव्हा बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्याला ८ आणि पदवीधराला १० हजार ठरले होते. पुढे कायम करा म्हणून त्याच पोरांना मोर्चे काढावे लागले, तो विषय वेगळ्या आठवड्याचा.

आणि पॅकेज! साडेतीन लाखांचं ऐकून आईने भागिले बारा केलं, २९ हजार आले, पेढे वाटले. ऑफर लेटरचं दुसरं पान कुणी उलटलंच नाही. मूळ पगार निम्मा, १ लाख ७५ हजार. त्याच्या १२ टक्के म्हणजे २१ हजार कंपनीचा पीएफ, तोही पॅकेजातच. तेवढाच पोराच्या पगारातून कापणार. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, म्हणजे ८ हजार ४०० च्या आसपास. ती कायम नोकरीत पाच वर्षं टिकलास तर. वर २५ हजार 'व्हेरिएबल', म्हणजे साहेब खूश असले तर. हातात महिन्याला २३ हजारांच्या आत. स्थळ बघताना मुलाचा पगार खोदून खोदून विचारणारे आपण लोक, स्वतःच्या पोराच्या नोकरीच्या वेळी 'हातात किती' हे विचारायला लाजतो. मार्गदर्शक सर म्हणतात, पहिल्याच भेटीत पैशांचं काढू नये. सरांनी स्वतःचं मानधन मात्र आधीच ठरवून घेतलेलं असतं.

अकरावा बायोडेटा वरच्या मजल्यावरच्या मुलीचा. बीकॉम. 'डायनॅमिक पर्सनॅलिटी विथ एक्स्पोजर टू फायनान्शियल डॉक्युमेंटेशन.' विचारलं, म्हणजे काय केलंस?

"काही नाही हो काका. सीएंच्या ऑफिसात होते जुलैमध्ये. लोकांची पासबुकं आणि फॉर्म २६एएस ताडून बघायचे."

"मग? सापडलं काही?"

"एका आजोबांच्या मुदत ठेवीचं व्याज धरायचंच राहिलं होतं. मी दाखवलं. मग सीए सर सगळ्या फायली आधी माझ्याकडे टाकायला लागले."

"हे कुठे लिहिलंयस?"

"हे काय लिहायचं?"

पेन तिच्या हातात दिलं. तीन ओळी झाल्या, पण पान भरलेलं होतं, बसेनात. मग तिने 'डायनॅमिक पर्सनॅलिटी'वर काट मारली. बसल्या.