दिवाणखान्यात वाघ कसा आणावा

शिकारीच्या जुन्या वस्तूंचा संग्रह सुरू करायचा तर सर्वांत आधी आजोबा लागतात. ते स्वतःचेच असावेत असं नाही, बायकोचेही चालतात. इंदुरात रामबाग, नारायणबाग, स्नेहलतागंज या बाजूच्या जुन्या मराठी घरांत असे आजोबा अजून मुबलक आहेत, अर्थात भिंतीवरच्या तसबिरीत. ते होळकर सरकारच्या नोकरीत होते, एकदा महाराजांबरोबर शिकारीला गेले होते, आणि वाघ खरं म्हणजे त्यांच्याच गोळीनं पडला, पण मान महाराजांना द्यावा लागला. या हकिकतीला पुरावा नसतो आणि तो मागायचाही नसतो. संग्रहाच्या वहीत ही पहिली नोंद करावी. तिला परवाना लागत नाही, कसर लागत नाही, आणि दर पिढीला वाघाची लांबी अर्ध्या फुटानं वाढते.

आजोबा ठरले की जागा पाहून यावी. शहराच्या दक्षिणेला रालामंडलची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर होळकरांनी १९०५ साली शिकारगाह बांधली. १९८९ मध्ये हीच टेकडी अभयारण्य झाली. राजे आणि त्यांचे पाहुणे जिथे सावज हेरायचे, तिथे आता शाळेच्या सहली हरणं शोधतात आणि बाई ‘गप्प बसा, पळून जातील’ असं ओरडून सगळी पळवून लावतात. होतकरू संग्राहकानं टेकडी चढून थोडा दम खावा. हाका, मचाण, माग, बार हे शब्द पुढे जेवणाच्या टेबलावर वापरायचे आहेत, ते तिथेच पाठ करावेत.

यानंतर एक तारीख लक्षात ठेवायची आहे : ९ सप्टेंबर १९७२. त्या वर्षातला बावन्नावा आणि त्रेपन्नावा असे दोन कायदे या एकाच दिवशी मंजूर झाले. पहिला पुरावशेषांचा. शंभर वर्षांपुढची कलावस्तू खाजगी माणसानं देशाबाहेर नेऊ नये, असं तो सांगतो. दुसरा वन्यजीव संरक्षणाचा. तो सांगतो की वन्य प्राण्याची वस्तू देशाबाहेर तर सोडाच, शेजाऱ्याच्या घरातही विकू नये. शिकारीच्या जुन्या वस्तू जमवणारा माणूस या दोन पाटांच्या बरोबर मधोमध उभा असतो. जगातल्या इतर संग्राहकांना वस्तू दुर्मीळ आहे याची काळजी असते. इथल्या संग्राहकाला ती सापडली तर काय, ही काळजी असते.

कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनी काही शिल्लक ठेवलेलं नाही. त्यांच्या व्याख्येत कातडी आणि भुसा भरलेली मुंडकी येतातच, पण शिंगं, हाडं, नखं, दात, केस, पिसं, अंडी, घरटी आणि मधाचं पोळंसुद्धा येतं. सांबराची शिंगं दर वर्षी आपोआप गळतात, ती नुसती उचलून आणली होती, हा बचाव इंदुरातल्या निम्म्या ओसऱ्यांवर तयार असतो. तो तिथेच राहू द्यावा. अपवाद मोराच्या पिसाऱ्यातल्या पिसांचा. ती निर्धास्तपणे लावावीत. शिकारीचा आभास होत नाही, कृष्णाचा होतो.

तेव्हा जाणकार संग्राहक वाघ जमवत नाही, वाघाचा दाखला जमवतो. ज्यांच्याकडे आधीपासून अशा वस्तू होत्या त्यांनी त्या जाहीर करून मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मालकीचं प्रमाणपत्र घ्यायचं होतं. ज्यांचं राहून गेलं त्यांना सरकारनं आणखी एक संधी दिली : १८ एप्रिल २००३ पासून १८० दिवस. त्या १८० दिवसांत बहुतेक घरांतलं कातडं पेटाऱ्यात होतं आणि पेटाऱ्याची किल्ली पुण्याला असलेल्या आत्याकडे. आत्या दिवाळीला आली तोवर मुदत संपली. ज्या घरात तो पिवळा पडलेला कागद खरोखर आहे, त्या घरानं तो चौकटीत लावावा आणि वाघाला खालच्या खोलीत ठेवावं. हा कागदही विकता येत नाही, भेट देता येत नाही. वारशानं मात्र मिळतो, आणि वारसानं ९० दिवसांत कळवायचं असतं. म्हणजे तेराव्यानंतर ज्या कामांची यादी होते, त्यात बँकेचं खातं, गॅसचं कनेक्शन आणि बिबट्या.

वस्तूच विकत घ्यायचा मोह अनावर झाला, तर राजवाड्यामागच्या एखाद्या गल्लीत फिरून यावं, पण खिसा घरी ठेवून. ‘भिया, महल का माल है,’ हे वाक्य तिथे ऐकू येईलच. आजवर जेवढा माल महालातून निघाल्याचं सांगितलं गेलं, तेवढा मांडायला सात मजली राजवाड्याला आणखी सात मजले चढवावे लागतील. कागद मागितले की दुकानदार सुस्कारा टाकून सांगतो, १९८४ च्या आगीत जळाले. त्या वर्षीच्या दंगलीत राजवाड्याला आग लागली होती, हे खरंच आहे. इंदुरातल्या खोट्या मालाला इतका खरा दाखला दुसरा नाही.

वाघनखांच्या बाबतीत तर ग्राहकाची कोंडी फारच सुबक आहे. बाळाच्या गळ्यात सोन्यात मढवलेलं वाघनख घालायची हौस मराठी घरांना जुनी. बाजारात मिळणारी बरीचशी नखं गुरांच्या शिंगातून नाहीतर हाडातून कोरलेली असतात. नख खोटं निघालं तर पैसे बुडाले. खरं निघालं तर वाघ पहिल्या अनुसूचीतला, किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद, वर किमान २५,००० रुपये दंड. फसवणुकीची तक्रार करायला जावं, तर फिर्यादीत काय लिहायचं : मला अस्सल वाघाचं नख हवं होतं? २०२३ मध्ये कन्नड ‘बिग बॉस’च्या एका स्पर्धकाला असल्याच लॉकेटपायी अटक झाली, लाखो प्रेक्षकांसमोर पुरावा गळ्यात घालून फिरणारा आरोपी तपास अधिकाऱ्याला रोज मिळत नाही. निर्धोक वाघनखं पाहायची सोय मध्यंतरी साताऱ्याच्या संग्रहालयात झाली होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या बोलीवर आलेली ती वाघनखं जुलै २०२४ मध्ये तिथे मांडली गेली. ती पोलादाची आहेत.

आता सजावटीचा विषय. शिकारीच्या वस्तूंनी घर भरायचं म्हणजे काय, याचा वस्तुपाठ कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात मिळतो. बिबट्याच्या मणक्यांची हातातली काठी, वाघाच्या कवटीचं रक्षापात्र. ज्यानं ही रक्षापात्राची कल्पना काढली त्याला सिगारेटची राख टाकायला बशी मिळत नव्हती असं नाही. पण बशी सगळ्यांकडे असते. संग्राहकानं यातून तत्त्व घ्यावं, वस्तू नाही.

भुसा भरलेल्या वाघांचं माहेर म्हणजे म्हैसूर. व्हॅन इंगेन आणि व्हॅन इंगेन ही तिथली पेढी १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि शतक संपता संपता, १९९९ मध्ये, बंद पडली. संस्थापकानं मुलांची नावं बोथा, डी वेट आणि जूबेर अशी बोअर युद्धातल्या सेनापतींवरून ठेवली होती. या पेढीच्या हातून ४३,००० च्या आसपास वाघ-बिबटे गेले, असा अंदाज सांगितला जातो. कागदाच्या लगद्याचे साचे, त्यावर कातडं, काचेचे डोळे, आणि चेहऱ्यावर ठरलेली एक डरकाळी. वाघ झोपेत मेला असला तरी दिवाणखान्यात तो चवताळलेलाच दिसला पाहिजे, ही गिऱ्हाइकांची अट. ब्रिटनमध्ये १९४७ पूर्वीचा असा वाघ नियमांत बसवून आजही लिलावात विकता येतो. म्हणजे माळव्यातला वाघ साहेबाबरोबर साउदॅम्प्टनला गेला तर माल, आणि आजोबांबरोबर रामबागेत राहिला तर मुद्देमाल. जुन्या कातड्यांना किडीपासून वाचवायला सोमल, म्हणजे आर्सेनिक, चोळत असत. तेव्हा पाहुण्यांच्या पोरांना वाघावर बसवून फोटो काढण्याची पद्धत बंद करावी.

इंदुरातली या विषयातली सर्वांत झोकदार वस्तू मात्र आता इंदुरात नाही. यशवंतराव होळकर दुसरे यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग बांधून घेतली. झुंबरं नाहीत, महिरपी नाहीत. सगळं काच, धातू आणि सरळ रेषा. त्या घरात ल कॉर्बुझिए, पिएर झानरे आणि शार्लोत पेरियां यांनी घडवलेली ती प्रसिद्ध पोलादी नळ्यांची आरामखुर्ची होती आणि तिच्यावर चढवलं होतं बिबट्याचं कातडं. युरोपातली सर्वांत आधुनिक खुर्ची, तिच्यावर जंगलातला सर्वांत जुना गालिचा, आणि ती ज्यांच्यासाठी मागवली ते महाराज मॅन रेसमोर सुटाबुटात फोटो काढून घेणारे. शिकारीचं दिवाणखान्यात इतकं देखणं रूपांतर बाकी कुठल्याच संस्थानाला जमलं नाही, असं बेलाशक म्हणावं. १९८० मध्ये मोनॅकोत सदबीजनं माणिकबागेतल्या सामानाचा लिलाव केला, आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकलांच्या संग्रहालयानं तिथलं विखुरलेलं सामान गोळा करून मोठं प्रदर्शन भरवलं. माणिकबागेत पुढे केंद्रीय करखात्याचं कार्यालय आलं. ती वास्तू आतून पाहण्याची ज्यांना फार इच्छा आहे त्यांनी काही वर्षं विवरणपत्रं भरू नयेत, बोलावणं येतं.

मग जमवायचं काय? कागद. इथे मात्र गंमत सोडून सांगण्यासारखं बरंच आहे. लाला दीनदयाळ हे इंदुरात बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करणारे नोकर होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला, तुकोजीराव होळकर दुसरे यांनी पाठबळ दिलं, आणि पुढे सिकंदराबाद आणि मुंबईपर्यंत त्यांचे स्टुडिओ झाले. व्हाइसरॉय आणि निजामाच्या शिकारीचे किती तरी फोटो त्यांच्या स्टुडिओचे आहेत. १९०२ मध्ये हैदराबाद संस्थानात लॉर्ड आणि लेडी कर्झन मारलेल्या वाघापाशी उभे आहेत, तो त्यांतला गाजलेला. अंड्याच्या पांढऱ्यावर उठवलेले हे तपकिरी ठसे आधी उजेडाकडे धरून पाहावेत, मग मागे वळवून पाहावेत. समोर साहेब असतो, वाघ असतो, खाली कधी कधी वाघाची लांबी इंचांत असते. मागच्या रांगेतल्या अनवाणी हाकेकऱ्यांची नावं कुठेच नसतात. वाघाच्या सर्वांत जवळ काठ्या-डबे घेऊन गेलेली माणसं तीच.

इंग्रजी चित्रांची हौस असेल तर थॉमस विल्यमसन यांच्या ‘ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स’मधली चित्रं शोधावीत. १८०५ ते १८०७ या काळात ती लंडनला निघाली, चाळीस रंगीत पट. हत्तीवर झेपावणारे वाघ, पळापळ, धूळ. ती रेखाटणारा सॅम्युएल हॉविट हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. विल्यमसनच्या कच्च्या रेघांवरून त्यानं हे सगळं घरबसल्या काढलं, तेव्हा शिकारीला न जाता शिकारीची वर्णनं करणाऱ्यांनी मनात संकोच ठेवू नये. विकत घेताना एवढं पाहावं की चित्राभोवती तांब्याच्या पत्र्याचा दाब कागदात उमटला आहे का. नसेल तर ते औषधकंपनीच्या कॅलेंडरातून कापलेलं असण्याचा संभव दाट.

शिकारीची फार जुनी चित्रं तर भोपाळजवळ भीमबेटकाच्या खडकांवर आहेत. उज्जैनच्या विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये ती उजेडात आणली, २००३ मध्ये युनेस्कोनं यादीत घेतली. भाले, धनुष्यं, उधळलेले गवे, सगळं आहे. फक्त खिळ्याला टांगता येत नाही.

बंदुकीचं थोडक्यात. ठासणीची किंवा तोड्याची, कामातून गेलेली जुनी बंदूक शस्त्र कायद्याच्या सवलतीत बसू शकते, पण ती कामातून गेली आहे हे ठाण्यात आधी समजावून सांगावं, उडवून दाखवू नये. दारू ठेवायचं शिंग आणि सांबरशिंगाच्या मुठीची सुरी यांना शस्त्र कायद्यानं कदाचित सोडलं, तरी शिंग वनखात्याच्या हद्दीत येतं. जुनी दारूदानं कधी कधी हस्तिदंताची असतात. त्यांच्याकडे पाहून हात मागे घ्यावा.

आणि एवढं होऊनही पेटाऱ्यातून बिनदाखल्याचं कातडं निघालंच, तर त्याला नदीत सोडू नये. खान नदीनं बरंच काही पोटात घातलं असलं, तरी नुसत्या विल्हेवाटीनं प्रश्न मिटत नाही. प्रमाणपत्र असूनही वाघ नकोसा झालेल्यांसाठी २०२२ च्या दुरुस्तीनं तो सरकारला परत करायची सोय केली आहे. मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्रच नसलेल्यांनी आधी वकील गाठावा, मग वनखातं. दोन्ही प्रकारांत वाहतुकीला परवानगी लागते, तेव्हा अर्ज आधी आणि टेम्पो नंतर. हा क्रम उलटा झाला तर टेम्पोवाल्यालाही जबाब द्यायला बसावं लागतं, आणि त्याचं वेटिंग वेगळं पडतं.